उजव्या हाताची सही

टेलरमास्तर हॉस्पिटलच्या रेकॉर्डच्या खिडकीशी चौथ्यांदा आले, तेव्हाही आतला कारकून नेमका डबाच उघडत होता. मास्तरांना ऑपरेशनच्या कागदांची नक्कल हवी होती. कोपराचं साधं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी, असं सांगून त्यांना आत नेलं होतं. बाहेर आले ते उजवा हात मनगटापासून लोंबकळत. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट लिहून दिलं, की नस कापली गेली आहे. आठ महिने झाले, त्या हाताला सुई टोचली तरी कळत नव्हती. तीस वर्षं कात्री चालवलेला हात! आता भरपाई मागायची तर कागद हवेत, आणि कागद म्हणजे नुसते हेलपाटे.

"तुम्ही नेलीत की नक्कल. मंगळवारी," कारकून म्हणाला आणि त्याने रजिस्टर फिरवून दाखवलं.

सही मास्तरांचीच होती. नावाखाली रेघ, आणि रेघेच्या टोकाला छोटासा तिरका टाका. ही त्यांची तरुणपणापासूनची खोड.

"कशाने केली सही? ह्याने?" मास्तरांनी डाव्या हाताने उजवा उचलून फळीवर आपटला. "आठ महिने डावा अंगठा देतोय मी!"

"मग काय मी केली?" म्हणत कारकुनाने खिडकी लावून घेतली.

वकीलबाई आधी खूश झाल्या. खोटी सही, तीही इतकी उघड, बरंच झालं म्हणाल्या. पण मग हॉस्पिटलकडून एकेक कागद येऊ लागला. उपचारांबद्दल समाधानी असल्याचं पत्र. धोक्याची पूर्ण कल्पना दिली होती, अशी कबुली. सगळ्यांवर ऑपरेशननंतरच्या तारखा, सगळ्यांवर तो तिरका टाका. सह्या एकाच हाताच्या, मास्तरांच्याच वाटतात, असा अक्षरतज्ज्ञाचा अहवाल आला आणि बाईंचा आवाजच बदलला.

"मास्तर, खरं सांगा. हात चालतो का? सही तुमची ठरली, तर हात धडधाकट ठरतो. केस तिथेच संपली."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानाला कुलूप, स्वतःच्या शर्टाची बटणंसुद्धा बायको लावून देणार, आणि वर हे ऐकून घ्यायचं!

सुनावणीच्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांनी बायकोला दोरा ओवायला लावला. उजव्या हातात जाड हातमोजा चढवायचा आणि तो शर्टाच्या बाहीला गोल शिवून टाकायचा, दुहेरी दोऱ्याने.

"टाके जवळ घे. असलं फताडं काम मी गिऱ्हाइकाला दिलं नाही कधी."

"गिऱ्हाईक निदान गप्प तरी बसतं," ती म्हणाली. "लोक हसतील हो."

"हसू देत. आज नवा कागद निघाला, तर तो ह्या हाताचा नाही हे आंधळ्यालाही कळेल."

कोर्टात त्यांचा नंबर लागायला दुपार झाली. समोरचे वकील उठले. "तक्रारदाराने तक्रार मागे घेतली आहे. आजच, साडेदहा वाजता, खालच्या खिडकीवर अर्ज दिलाय. हा बघा."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. मास्तरांना मात्र हसूच फुटलं. त्यांनी डाव्या हाताने तो शिवलेला हात वर धरला.

न्यायाधीशांनी वाकून टाके पाहिले. "केव्हा शिवलंत हे?"

"सातला," बायको म्हणाली. "तेव्हापासून मी ह्यांना सोडून हलले नाही."

"उसवा."

कुणीतरी कात्री दिली. गाठ तिचीच होती. टाके तिचेच होते. एकेक करत तिने ते कापले.

हातमोजा निघाला.

अंगठा आणि दोन बोटं एकमेकांना टेकलेली होती. तिन्हींना निळी शाई होती.

बायको रुमालाने पुसायला गेली. शाई ओली होती, ती पसरली.

मग तिने त्यातल्या एका बोटाला चिमटा काढला, नखं रुतेपर्यंत, आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

मास्तर न्यायाधीशांकडेच बघत होते. "बघितलंत ना साहेब?" ते वैतागून सांगत होते, "एक टाका हलला नव्हता."