फाट्यावर थांबायचं असतं

यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. बेर्नात माझा आतेभाऊ. जे घडलं ते त्याच्या बाबतीत घडलं, आणि त्यातलं अर्धं मी या डोळ्यांनी पाहिलं. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं अजून ठरत नाही.

जागा बार्सिलोनापासून दोन-अडीच तासांवरचा मोन्सान्तचा डोंगर. नोव्हेंबरचा पहिला रविवार. वेळ... सकाळी साडेदहाची.

हो, सकाळची. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडचं धुकं बघितलेलं नाही.

आमच्या गावातले बाराएक जण दर रविवारी सायकली काढतात. जाड टायरच्या, खडीवर चालणाऱ्या. कातळ, पाइन, ओक, रोझमेरीची झुडपं, यांच्यामधून चाळीस किलोमीटर खडीची वाट. मग खानावळीत न्याहारी. सॉसेज, शेंगदाण्याएवढे पांढरे बीन्स आणि वाइन. खरं सांगायचं तर निम्मे लोक त्या न्याहारीसाठीच घाम गाळतात.

नियम एकच. फाटा आला की पुढच्याने पाय टेकून थांबायचं. मागचा दिसला, त्याने हात वर केला, की त्याला वाट दाखवायची आणि निघायचं. मग तो त्याच्या मागच्यासाठी थांबणार. डोंगरात मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे हा नियम कुणी मोडत नाही.

बेर्नातने मोडला होता.

दोन वर्षांपूर्वी. असंच धुकं होतं. सगळ्यात मागे अनिओल, त्याच्या पुढे बेर्नात. अनिओल बार्सिलोनाची नोकरी सुटल्यावर नुकताच गावी परतला होता. वाटा त्याला नवीन होत्या. त्याची सायकल जुनी, पायडल थांबवलं की मागच्या चाकाचं फ्रीव्हील एवढं कटकटायचं की पोरं म्हणायची, "अनिओल आला, रानडुकरांनो पळा!"

तिसऱ्या फाट्यावर डावी वाट गावाकडे उतरते. उजवी वाट पुढे पावसाने तुटली आहे. तिथून खाली सरळ कडा.

अनिओल उजवीकडे गेला.

तो दुसऱ्या दिवशी सापडला. पोलिसांनी विचारलं तेव्हा बेर्नात म्हणाला, "मी थांबलो होतो. त्याने हात वर केला. मी त्याला डावीकडे दाखवलं."

आता तुम्हीच सांगा, डावीकडे दाखवल्यावर माणूस उजवीकडे कशाला जाईल? गावाने जो अर्थ लावायचा तो लावला. नोकरी गेलेली, तोंड पाडून बसायचा, एकटाच राहायचा. मुद्दाम गेला म्हणाले. कुणी त्याच्या आईच्या तोंडावर म्हणालं नाही, पण रेमेई बहिरी नव्हती.

मृतांच्या सणाला स्मशानात सगळं गाव फुलं घेऊन जमतं. रेमेई दर वर्षी तिथे बेर्नातला गाठायची.

"पोरा, त्याने हात वर केला ना, तेव्हा चेहरा कसा होता रे त्याचा?"

"हसत होता, रेमेई."

"हसत होता," ती म्हणायची. "आणि तरी..."

आणि फुलं ठेवायला वळायची. बेर्नात घरी येऊन दिवसभर जेवायचा नाही. मला वाटायचं, मित्राच्या दुःखाने. मी मूर्ख.

तर तो रविवार. अनिओलच्या आठवणीसाठी त्याच वाटेने जायचं ठरलं होतं. आमचा म्होरक्या फेर्मी, निवृत्त पोस्टमन. त्याने माणसांचा क्रम लावला.

"बेर्नात, आज झाडू तू."

शेवटी राहणाऱ्याला आम्ही झाडू म्हणतो.

"मीच का?"

"पोट बघ स्वतःचं. तसाही शेवटीच येणार आहेस."

"आणि माझं सॉसेज?"

"ठेवतो की. वास ठेवतो."

सगळे हसले. बेर्नातही हसला, पण त्याचा रंग उडालेला मला दिसला. त्याच्या पुढे मी होतो.

पहिल्या फाट्यावर मी थांबलो. तो धुक्यातून आला, हात वर केला. मी वाट दाखवून निघालो. पुढे अर्ध्या किलोमीटरवर एका धारदार दगडाने माझा टायर उभा फाटला. तेवढ्यात रानडुकरांच्या शिकारीला निघालेल्यांची जीप आली. चल म्हणाले, खानावळीपर्यंत सोडतो. मी सायकल जीपमध्ये टाकली आणि बसलो; दुसऱ्या फाट्यावर माझ्यासाठी थांबलेल्याला जीपमधूनच हात करून पुढे पाठवलं.

बेर्नातला वाट तोंडपाठ आहे, असं मनाला सांगितलं. तेही खरंच होतं. पण थांबलो नाही, हेही खरं.

म्हणजे दुसऱ्या फाट्यावर बेर्नातच्या पुढे कुणीच नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा.

दुसऱ्या फाट्याच्या अलीकडे त्याला पहिली गोष्ट जाणवली. शिकाऱ्यांची कुत्री सकाळपासून दरीत भुंकत होती...

ती गप्प झाली.

एकदम. एकजात सगळी.

मग धुक्यात पुढे कुणीतरी दिसलं. एक पाय टेकलेला. वाट बघत असलेलं. बेर्नातला वाटलं, मीच. त्याने हात वर केला. त्या माणसाने डावीकडे दाखवलं आणि निघाला.

आणि मग आवाज आला...

कट-कट-कट-कट.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या चाकाचा आवाज येत नाही.

बेर्नातने मला हाक मारली. दोनदा. उत्तर नाही. तो म्हणतो, परत फिरावंसं वाटलं होतं, पण पाय पायडल मारतच राहिले. पुढे तो आवाज होता. चढावर बंद व्हायचा, उतारावर सुरू व्हायचा. जवळ येत नव्हता आणि लांबही जात नव्हता.

तिसऱ्या फाट्यावर आवाज थांबला.

तो तिथे उभा होता. तीसेक पावलांवर. चेहरा नीट दिसत नव्हता, धुकं होतं.

बेर्नातने हात वर केला.

त्याने वाट दाखवली नाही.

बेर्नातने हात आणखी उंच केला. ओरडला, "मी आलोय! बघ ना, आलोय मी! निघ आता!"

तो बेर्नातकडे बघतच नव्हता...

तो बेर्नातच्या मागे बघत होता. अजून कुणीतरी यायचं आहे, असं.

पण बेर्नात झाडू होता. त्याच्या मागे कोण असणार?

त्याने मान वळवली. रिकामी वाट. परत पुढे पाहिलं...

फाट्यावर कुणी नव्हतं.

इकडे खानावळीत साडेअकरा झाले. मी बिनदिक्कत खात होतो, हे सांगायला आज लाज वाटते. बारा वाजले. फेर्मीने मला विचारलं, "तू त्याच्या पुढे होतास ना रे?" मी ताट ढकलून उठलो. आम्ही खानावळवाल्याची जीप घेऊन परत फिरलो. तो सापडला तेव्हा दीड वाजत आला होता.

तो तिसऱ्या फाट्यावर होता. एक पाय टेकलेला. उजवा हात वर.

तसाच, ताठ. ओठ निळे पडलेले. तो हात खाली आणायला मला दोन्ही हात लावावे लागले.

"बेर्नात, काय करतोयस इथे?"

"थांबलोय. चारच मिनिटं झाली." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "निघू का मी? त्याने अजून हात नाही केला."

दोन तास तरी झाले असतील. 

जीपमध्ये माझ्या कोटात गुंडाळलेल्या बेर्नातने मला सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचंही. मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही. त्याला शिवी द्यायला तोंड उघडलं, आणि मी स्वतः जीपमध्ये कसा बसलो ते आठवलं.

त्याच संध्याकाळी, साडेपाचला, तो रेमेईकडे गेला. मला बरोबर येऊ दिलं नाही. ती स्वयंपाकघरात ऑलिव्ह निवडत बसली होती. त्याने खुर्ची घेतली नाही.

"रेमेई, मी थांबलो नव्हतो."

"कुठे?"

"तिसऱ्या फाट्यावर. चार मिनिटं उभा राहिलो. थंडी वाजत होती. न्याहारी गार होईल म्हणून... निघालो. तो मला दिसलाच नाही."

"मग त्याने हात केला, ते?"

"नाही केला. मी नव्हतोच तिथे."

"आणि हसत होता म्हणालास?"



रेमेईने हातातला ऑलिव्ह परातीत ठेवला.

"म्हणजे त्याला वाट ठाऊकच नव्हती. तो चुकला. माझा पोरगा नुसता वाट चुकला."

"हो."

"दोन वर्षं मी त्याच्यावर चिडून होते रे. फुलंसुद्धा रागानेच ठेवत होते."

ती ओरडली नाही, रडली नाही. उठून तिने दार उघडलं.

"बाहेर थांब."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

दार लागलं. बेर्नात गल्लीत उभा राहिला. चर्चच्या घंटेचे सहा ऐकले. भुरभुर पाऊस आला. शेजारणीने खिडकी उघडून पाहिलं आणि बंद केली. सातचे टोले ऐकले. तो हलला नाही. म्हणाला, रात्रभर उभं राहायची माझी तयारी होती, आणि तेवढ्याने फिटण्यासारखं ते नव्हतंच.

मग आतून रेमेईचा आवाज आला. राग नव्हता त्यात. मुलं अंगणात खूप वेळ राहिली की आई बोलते, तसा...

"जा आता, बाळांनो. थंडी आहे. दोघंही घरी जा."

बेर्नातने बाजूला बघितलं नाही. ती गल्ली जेमतेम दोन माणसांची. तो हळूहळू चालत घरी आला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याचा स्वेटर खुर्चीवर वाळत होता. डावी बाही खांद्यापासून कोपरापर्यंत भिंतीला घासून फाटलेली. आतला खांदाही सोललेला.

"अरे, गल्लीत कोणी नव्हतं ना? मग मधून का नाही चाललास?"



"मधून चालायला जागा कुठे होती?"