नाव बदलणारी म्हातारी

दुकानातून खेळ आणायला गेलो तेव्हा दुपार होती आणि बर्फ नुकताच थांबला होता. मागणी दादाने नोंदवली होती. लहानपणी जुन्या यंत्रावर आम्ही दोघांनी खेळलेला राजा-राक्षसांचा तो खेळ आता नव्या कन्सोलवर पुन्हा निघाला होता. दादा गेला आणि मागणी तशीच राहिली. दुकानदाराचा घरी फोन आला. मला दादाच समजून म्हणाला, "काझुओमी-सान, तुमचा खेळ आलाय." मी म्हणालो, "येतो." दादा आता नाही, हे सांगितलं नाही.

उत्तर जपानातल्या आमच्या शिन्जोत छपरावरचा बर्फ वेळेवर उतरवला नाही तर घर बसतं. शेजारच्या होसोया आजोबांचं छप्पर साफ करताना दादा पडला. फावडं वरच राहिलं.

पूर्वी खेळताना नायक दादा असायचा आणि मागून चालणाऱ्या साथीदाराला माझं नाव असायचं, तोमा. आता नायक मीच झालो. साथीदाराच्या नावासाठी चार रिकामे चौकोन आले. मी जराही थांबलो नाही. लिहिलं, काझुओमी.

जुन्या खेळात साथीदार मुका होता. नव्यात एक बटन दाबलं की तो बोलतो. वर नाव उमटतं, खाली वाक्य. "काझुओमी: चल, ऊन आहे तोवर पुढे जाऊ." वाक्य खेळ बनवणाऱ्यांनी लिहिलेलं, कळतं मला. तरी मी पावलापावलाला ते बटन दाबत होतो.

आई स्टोव्हजवळ येऊन बसली. दादा गेल्यापासून तिच्या पोटात धड घासभर भात गेला नव्हता.

"त्याचंच नाव ठेवलंस?"

"हो."

"बरं केलंस. दाब अजून एकदा."

आम्ही दोघं असे किती दिवस बसलो, सांगता येत नाही. मी टायरच्या दुकानात कामाला जाणंही सोडलं.

मग एका सकाळी होसोया आजोबांनी रस्त्यावरूनच हाक मारली, "काय रे तोमा! रस्त्याकडचं छप्पर एकदम चकाचक! आम्ही तुला आळशी म्हणायचो, तू तर दादाच्या वरताण निघालास!"

मी बाहेर येऊन वर पाहिलं. बर्फ टोफूसारखा सरळ, चौकोनी कापून खाली रचलेला होता. असा फक्त दादा कापायचा. शिडी घराच्या मागे होती, बर्फात अर्धी गाडलेली. तिला कोणी हात लावलेला नव्हता.

मी आईला काही बोललो नाही. संध्याकाळी खेळायला बसलो. खेळात आम्ही दोघं भर समुद्रात होतो, होडीत. बटन दाबलं.

"काझुओमी: अर्धंच झालंय. वरचं उरकतो, मग खाली येतो."

होडीत कसलं आलंय वरचं? मी पुन्हा दाबलं. तेच वाक्य... आणि डोक्यावर आवाज आला. खर्र... मग थांबला. मग पुन्हा खर्र... खोलीत भिजलेल्या लोकरी हातमोज्यांचा वास भरला. दादाचे हातमोजे आम्ही त्याच्याबरोबरच जाळले होते.

"आलाय," आई हळूच म्हणाली.

"बर्फ घसरतोय, आई."

"घसरणारा बर्फ मध्ये मध्ये श्वास घेतो का रे?"

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी देवळात गेलो. आमचे ओशो, म्हणजे बौद्ध देवळाचे पुजारी, चाळिशीचेच आहेत, स्कूटरवरून फिरतात. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"मेलेल्याला आम्ही नवं नाव का देतो, ठाऊक आहे? दक्षिणा काढायला, असं तुम्ही पोरं म्हणता. अरे, एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत माणूस वाटेत असतो. जुन्या नावाने हाक मारली की तो मागे वळतो. आणि तू दिवसभर हाका मारतोयस!"

"खेळ आहे तो!"

"मीही खेळलोय. तिसऱ्या गावात विहिरीजवळ नाव बदलणारी म्हातारी बसते. तिच्याकडे जा आणि सेत्सुदो लिही. आता तेच त्याचं नाव."

"ते तुम्ही ठेवलेलं नाव! माझ्या दादाला त्या नावाने कोणी ओळखतं तरी का?" मी ओरडलो, दार आपटलं आणि तडक घरी आलो.

आई शिडीवर होती.

पायात नुसते मोजे, एका हातात ओनिगिरी, दादाच्या आवडीचं उमेबोशीचं आंबट-खारं लोणचं भरलेला भातगोळा. शिडी बर्फावर डुगडुगत होती. मी धावत जाऊन तिचे घोटे धरले.

"आई, खाली उतर!"

"सोड, तोमा. बोलावतोय तो. म्हणतो, हाताशी कोणी नाही..."

वरून बर्फाचे चौकोनी ठोकळे पडत होते, आमच्या डावीकडे, उजवीकडे. आमच्या अंगावर एकही नाही. मी तिला कमरेत धरून ओढलं, आत आणलं, दाराला कडी घातली. ती लगेच कडीकडे वळली. घरात मी एकटा. किती वेळ धरून ठेवणार होतो तिला?

मी कन्सोल उचलला. तिसरं गाव. विहीर. म्हातारी.

"हे नाव पुसू? पुसलेलं नाव परत मिळत नाही."

हो. नाही.

बोट पुढे जाईना. त्या नावाने आई त्याला जन्मभर हाक मारत आली होती. छपरावर पावलं चालत आली आणि अगदी कडेला थांबली, बरोबर दाराच्या वर. आईने कडी सरकवली.

"दादा..." मी म्हणालो, "तू जा रे. आईला मी बघतो."

हो दाबलं. एकेक अक्षर शोधून नवं नाव भरलं. सेत्सुदो.

वर सगळं शांत झालं. मग छपरावरचा उरलेला बर्फ एकदम खाली आला, धप्प! घर हललं. आई उघड्या दारात मटकन बसली आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. खूप वेळ रडली. मग हातातल्या चेपलेल्या ओनिगिरीकडे बघत म्हणाली, "तोमा, भूक लागलीय रे." तिने ती सगळी खाल्ली, बोटांना चिकटलेली शितंसुद्धा.

माझ्या छातीवरचा दगड उतरला.

एकोणपन्नासाव्या दिवशी ओशोंनी नव्या नावाची काळी लाखेची पाटी देवघरात बसवली. मी दार आपटल्याबद्दल मान झुकवली. ते म्हणाले, "दार जुनंच होतं. पुढे खेळलास का?"

त्याच दुपारी खेळ संपवला. शेवट बर्फाळ खिंडीत होतो. नायक थांबतो आणि साथीदार एकटाच पलीकडे निघून जातो. लहानपणी पाहिलेलं तसंच. सेत्सुदो गेला. मी रडलो, पण हलकं वाटलं. आई आत तांदूळ धूत होती, गुणगुणत होती.

मग लक्षात आलं. पडद्यावर खिंडीतल्या बर्फात पावलं उमटली होती. दोघांची. पलीकडच्या कडेपर्यंत दोघांची, आणि परतीची एकट्या नायकाची.

कन्सोल खाली ठेवून मी उठलो. चटईवर पाय टेकला तर पच्च असा आवाज आला. दुपारभर मी स्टोव्हसमोरून हललो नव्हतो... आणि माझे मोजे ओलेचिंब होते.