गुप्तहेराचे हात

स्टुडिओच्या काचेच्या दारासमोर एक तरुण दोन्ही हात छातीशी धरून उभा होता. हातांत पांढरेशुभ्र मोजे, मागे रिमझिम पाऊस आणि चेहऱ्यावर ओशाळं हसू.

"दार उघडता का जरा? मला कशालाही हात लावायची परवानगी नाही."

"का? नेलपॉलिश ओलं आहे?" दारामागे उभ्या मुलीच्या तोंडून निघून गेलं.

"जवळपास तसंच..." तो म्हणाला. "मी हात आहे. आजपासून."

दुसरं कोणी असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण ती तिथे चाललेल्या टीव्ही मालिकेतच काम करत होती. शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्यांमधला एक चतुर, एककल्ली, जन्माचा ब्रह्मचारी गुप्तहेर मालिकेने आजच्या काळात आणला होता. त्याची घोडागाडी गेली, टॅक्सी आली. भिंग गेलं, मोबाइलचा कॅमेरा आला. पुस्तकात तो तारा पाठवायचा. त्या तारांचे मेसेज करायचे, हे तिचं काम. सगळे तिला मेसेजवालीच म्हणायचे. आता गुप्तहेर झालेला नट नखं इतकी कुरतडायचा, की त्याची बोटं जवळून दाखवायची सोय नव्हती. शेवटी दिग्दर्शकबाई घड्याळ दुरुस्तीला घेऊन गेल्या आणि दुरुस्त करणाऱ्याचे हात पसंत करून आल्या. त्या हातांना ओरखडा नको, डाग नको, म्हणून हे मोजे.

तिने दार उघडलं. तो आत जाताना थांबला आणि म्हणाला, "उद्याही याच वेळेला याल का? दार जड आहे हो."

घरी ती आणि तिची मावशी, दोघीच. मावशीला त्या कादंबऱ्या तोंडपाठ, आणि मालिका मुळीच मान्य नव्हती. "मोबाइल दिलात, एक वेळ चालवून घेईन. पण त्याला प्रेमात पाडलंत, तर टीव्ही गच्चीवरून खाली टाकीन!"

चित्रीकरण असं चालायचं... तो टेबलापाशी, कॅमेरा त्याच्या खांद्यावरून डोकावत, आणि ती पडद्याआड दुसरा मोबाइल घेऊन. मेसेज ती पाठवायची. तो घड्याळजीच्या सवयीने करंगळी जराशी उचलून लिहून दिलेलं उत्तर टाइप करायचा, आणि ते खरोखरच तिच्या मोबाइलवर येऊन पडायचं. आधी जोडणी तपासायला ती "चाचणी" एवढंच पाठवायची.

"पास झालो का?"

"अक्षर सुधारा."

"मोबाइलवर?"

"सबबी नकोत."

पुढे पुढे चाचण्या इतक्या लांबल्या की दिग्दर्शकबाई ओरडल्या, "अगं, लागला का फोन एकदाचा?"

फोन कधीच लागला होता. जीव लागायला थोडे दिवस जास्त गेले, एवढंच. दुपारी त्याच्या मोज्यांवर डाग पडू नये म्हणून चहाचा कप तीच त्याच्या ओठांशी धरायची. तो फुंकर मारायचा, आणि ती उगाचच खिडकीबाहेर बघायची.

मग एक दिवस त्याच्या हातांना मेकअप लावायचा राहिला, आणि तिला मॉनिटरवर त्याच्या अनामिकेवरचा फिकट पट्टा दिसला. अंगठी काढून ठेवल्यावर उमटतो, तसा. बुटांवरच्या चिखलावरून माणूस ओळखणाऱ्या गुप्तहेराच्या सहवासात तिचं वर्ष गेलेलं. तर्क झटक्यात झाला. याचं लग्न झालंय. गुप्तहेर ब्रह्मचारी, म्हणून हा चित्रीकरणापुरती अंगठी काढतो.

दुसऱ्या दिवसापासून चाचणीत तिचं उत्तर एकच... "ठीक." कपात नळी घालून ती तो टेबलावर ठेवायची आणि निघून जायची. तो बघत राहायचा आणि चहा निवून जायचा.

पाच दिवस असेच गेले आणि त्याच्या कामाचा शेवटचा दिवस उजाडला. प्रसंग असा, की गुप्तहेराला एकदा हरवून गेलेली बाई परत येते आणि मेसेज करते, "मी गावात आहे. चहाला येतोस?" तिने महिन्यापूर्वी त्याचं उत्तर लिहिलं होतं, "येतो." काल रात्री तिने ते खोडलं होतं. आता तिथे होतं, "काम आहे."

तिने मेसेज पाठवला. बोटं सरसावली... थबकली... मग भराभर चालू लागली.

"येतो. पण तू पाच दिवस बोलत का नाहीस?"

"कट!" दिग्दर्शकबाई कडाडल्या. "हे काय लिहिलंय?"

"चुकलं," तो म्हणाला.

"चुकून एवढं लांब?"

दिवे पुन्हा लावेपर्यंत पाच मिनिटं होती. तो सरळ पडद्याआड आला. ती मान वर करेना.

"अंगठी घालून या आधी," ती पुटपुटली.

"कसली अंगठी?"

तिने बोटाकडे नुसती नजर टाकली. त्याने बोट तिच्यासमोर धरलं. "इथे यायच्या आधी घड्याळाची स्प्रिंग उडून लागली होती. पंधरा दिवस पट्टी होती. अंगठी एवढी रुंद असते का? तुमच्या गुप्तहेराने आधी मोजून पाहिलं असतं!"

पट्टा चांगला दोन अंगठ्यांएवढा होता. तिला रडू येतंय की हसू, हेच तिला कळेना.

"हातांचं काम आज संपतंय," तो हळूच म्हणाला. "मला मात्र उद्याही यायचंय. मला तू आवडतेस... फार आवडतेस."

"मलाही..." एवढंच तिला जमलं. मग ती पडद्याबाहेर आली. "बाई, उत्तर पहिलंच ठेवू या. 'येतो.'"

"नक्की? आणि तुझी मावशी?"

"बघू काय होतं ते."

तो भाग लागला तेव्हा घरात तिघं होते. तो मावशीचं बंद पडलेलं घड्याळ मांडीवर घेऊन बसला होता. टीव्हीवर मेसेज आला. बोटं थबकली, आणि मग "येतो" उमटलं.

"खोटं! साफ खोटं!" मावशी उसळली. "आमचा गुप्तहेर असा अडखळायचाच नाही!"

मग तिने चष्मा पुसला. टीव्हीवरच्या उचललेल्या करंगळीकडे पाहिलं. समोरच्या घड्याळावर उचललेल्या करंगळीकडे पाहिलं. भाचीच्या लाल झालेल्या कानांकडेही पाहिलं.

"अस्सं! म्हणजे तो नाही प्रेमात पडलेला," ती समाधानाने मागे टेकली. "हे हात पडलेत. मग माझी काही तक्रार नाही. चहा टाक गं, तिघांचा."

चहा आला. मावशीने मुद्दाम टीव्हीकडे तोंड केलं. भाचीने सवयीने कप त्याच्या ओठांशी धरला. हात मोकळे असूनही त्याने तो तसाच घेतला.