बाबांच्या मापाची सीट

"मॅडम, गाडी जरा मागे घेता?"

तिने गाडीचं दार अर्धवट उघडलं. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि त्या पावसात एक उंच, किडकिडीत माणूस वाकून उभा होता. त्याच्यामागे ड्रायव्हिंग स्कूलची पिवळी गाडी फाटकात तिरकी अडकली होती. आत एक शिकाऊ आजोबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसले होते.

"मला येत नाही," ती म्हणाली.

"काय येत नाही?"

"गाडी."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग स्टिअरिंगकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "मग ड्रायव्हरच्या जागेवर काय करताय?"

"बसलेय. बसायला येतं मला."

तो हसला... आवाज न करता, नुसत्या डोळ्यांनी. आजोबांना बाजूला सरकवून त्याने पिवळी गाडी एवढ्याशा फटीतून अलगद बाहेर काढली आणि परत आला.

"बॅटरी उतरलीय तुमची. दार उघडलं तरी आतला दिवा लागत नाही."

"दोन महिने झाले. बाबांची गाडी. ते... गेले."

आता तो म्हणणार, काही लागलं तर सांगा. सगळे तेच म्हणत. सांगायचं काय, हे मात्र तिला आजवर कळलं नव्हतं.

"मंगळवार, गुरुवार," तो म्हणाला. "सकाळी सात. बॅटरी मी आणतो."

ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी वर घरी जाण्याआधी पंधरा मिनिटं या गाडीत बसायचं, असा तिचा नेम झाला होता. वर आई खिडकीशी बसलेली असे. दोन महिन्यांत ती जिना उतरली नव्हती. आणि इथे सीट बाबांनी ठेवली तशीच होती, पार मागे. तिचे पाय कशालाच पोचत नसत. एवढीशी होऊन ती त्या सीटवर बसे... तेवढ्यापुरतं बरं वाटे.

मंगळवारी तो सातला पाच कमी असताना हजर. त्याला किल्ली देऊन ती वरून शिकाऊ लायसन्स घेऊन येईपर्यंत इंजिन गुरगुरायला लागलं होतं, आरसे पुसलेले होते. ती सीटवर बसली, आणि तिचे पाय पोचले. क्लचला, ब्रेकला, सगळ्याला.

"सीट... कुणी हलवली?"

"मी. तुमच्या उंचीला—"

"ती बाबांची होती." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "त्यांचं तेवढंच जसंच्या तसं राहिलं होतं."

ती तडक वर निघून गेली आणि स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिली. दोनच मिनिटांत बेल वाजली. दार आईने उघडलं.

"काकू, माझ्या हातून चूक झालीय," बाहेरून त्याचा आवाज आला. "सवयीने सीट पुढे घेतली. मोठी चूक की लहान, मला ठाऊक नाही. पण दुरुस्त करायची तर किती मागे होती, ते तुम्हालाच सांगता येईल."

मग चपलांचा आवाज आला. आईच्या.

ती धावत खाली गेली तेव्हा आई डावीकडच्या आपल्या नेहमीच्या जागी बसली होती आणि तो ड्रायव्हरच्या सीटवर, परीक्षेला बसल्यासारखा अवघडून.

"मागे," आई सांगत होती. "अजून. आता एकच खाच." कट्. "हं... इथं. यांचा खांदा इथं यायचा."

आई त्या खांद्याच्या जागेकडे बघत राहिली. तो हलला नाही. श्वासही बेताने घेत होता. मग आईने मान वळवून लेकीला पाहिलं.

"बघून घे हो नीट. मोजून पाच खाचा. लक्षात ठेव आणि मग घे पुढे."

"आई, राहू दे ना अशीच..."

"अगं, ते ताडमाड, तू माझ्यावर गेलीस. तुझे पाय पोचणार कसे? आणि हे बघ, मी आता खाली आलेय तर फेरी मारल्याशिवाय वर जायची नाही."

खटका तिने स्वतः ओढला. आई मागच्या सीटवर गेली. पहिल्या वळणापर्यंत गाडी तीनदा बंद पडली आणि तिसऱ्यांदा मागून खुदकन हसू आलं. "यांची अगदी अशीच पडायची! लग्नानंतर वर्षभर!"

त्यानंतर सकाळी सातचे ओले रस्ते तिला स्वप्नातही दिसू लागले. बॉनेटवर झाडं उलटी वाहत जायची. गिअरवर तिचा हात आणि त्यावर, बोटभर अंतर राखून, त्याचा. स्कूलच्या गाडीत त्याच्या पायाशी जादा ब्रेक असे. इथे तो बिचारा नुसतीच चटई दाबायचा.

"घाबरता मला?" तिने विचारलं.

"तुमच्या वळणांना. तुम्हाला नाही... अजून."

आणि तो बाबांबद्दल विचारायचा. गाडीत गुणगुणायचे का? रस्ता चुकले तर कबूल करायचे का? बाकीचे तो विषय काढतच नसत. जणू त्यांनी काढला नाही तर तिला आठवण येणारच नव्हती. ती सांगता सांगता हसायची, आणि एकदम गप्प व्हायची.

एका गुरुवारी सिग्नल लाल होता. "परवा परीक्षा," तो म्हणाला. "पास व्हाल. मग माझं काम संपलं."

"नापास झाले तर?"

"तर मला आनंद होईल. मास्तरने असं बोलू नये, पण..." तो काचेवरच्या थेंबांकडे बघत राहिला. "पण होईल."

ती हसली. आणि नेहमीसारखी थांबली.

"हे असं का करता? हसता आणि मध्येच तोडता?"

"चोरी केल्यासारखं वाटतं." तिने स्टिअरिंग घट्ट धरलं. "बाबांना जाऊन तीन महिने नाही झाले, आणि मी... सोमवारी रात्री झोपत नाही, मंगळवार येणार म्हणून. तू आवडतोस मला. आणि बाबांची इतकी आठवण येते की... दोन्ही एकदम. कुठलं खरं धरायचं?"

"दोन्ही," तो हळूच म्हणाला. "मलाही आवडतेस. पहिल्या दिवसापासून. रडून आलीस तरी आवडशील, हसून आलीस तरी. निवड करून नको येऊस."

त्यावर तिला रडू फुटलं. दवाखान्यात आलं नव्हतं, पाहुण्यांसमोर आलं नव्हतं, ते सगळं. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले.

"बाबा..." एवढंच तिला म्हणता येत होतं.

त्याने तिच्या हातावर हात ठेवला, क्षणभरच. मग दार उघडून तो पावसात उतरला. आरशात तिला दिसलं: गाडीच्या मागे उभा राहून तो दोन्ही हातांनी वाहनं बाजूने काढून देत होता, सदरा पाठीला चिकटलेला.

"काय हो, बंद पडली का?" कुणीतरी ओरडलं.

"नाही," तो म्हणाला. "गाडी उत्तम आहे. आम्हाला थोडा वेळ लागेल. तुम्ही व्हा पुढे."