दोन हॉर्न

हॉर्नच्या बटणावर चार महिन्यांची तांबूस धूळ होती. मधोमध मात्र अंगठ्याएवढी जागा लख्ख पुसलेली.

चार महिने त्या ट्रकमध्ये कोणी चढलंच नव्हतं.

पटो न पटो, हे घडलेलं आहे. कालामा शहराजवळची तांब्याची खाण. चौदा ऑगस्ट, दुपारचे सव्वातीन.

तिथला नियम साधा. दोन हॉर्न म्हणजे पुढे, तीन म्हणजे मागे. हॉर्न दिला की दहा सेकंद थांबायचं.

एप्रिलमध्ये ट्रकचालक नायारेत थांबली नव्हती. समोर तिच्या सहकाऱ्याची, एलिसेओची, जीप होती आणि तिच्या ट्रकचं चाक दोन पुरुष उंच. जीपचा पत्रा झाला. आत एलिसेओ.

चौकशीत ती म्हणाली, "मी थांबले होते. तोच आडवा आला."

एलिसेओच्या बायकोने, इलारियाने, खाणीच्या कडेला त्याच्या नावाची छोटी देवळी बांधली होती. तो स्वतःच्या चुकीने मेला असं ठरवून खाणवाल्यांनी ती पाडली.

आज नायारेत पुन्हा त्याच ट्रकवर होती.

वॉकीटॉकीवर फावडा-यंत्रावरचा रिगोबेर्तो ओरडला, "महाराणी, नटून झालं असेल तर मागे घ्या!"

"तू आधी तुझं फावडं सरळ धर, म्हाताऱ्या!"

तिने तीन हॉर्न दिले.

वाजले...

दोनच.

ट्रक पुढे झेपावला. ब्रेक तळाला टेकला, तरी थांबेना. समोरच्या जीपमधून मेकॅनिक उल्दारिसियोने उडी मारली. एक पाय मागे राहिला.

हाड फुटल्याचा आवाज आला. बंद केबिनमध्ये, तीन मजले वर, तिला तो स्पष्ट ऐकू आला.

तिने मुख्य स्विच बंद केला. इंजिन गप्प. ट्रक थांबला.

रिगोबेर्तो धावत आला. रक्तात लडबडलेल्या उल्दारिसियोला काखेत धरून ओढू लागला. चाकाखालचा पाय सुटेना.

वारासुद्धा पडला होता...

मग हॉर्न वाजला.

पुन्हा एकदा.

चाक हललं.

"बंद कर गं! मारतेस का आम्हाला?"

"बंदच आहे रे! देवाशप्पथ बंद आहे!"

जमीन सपाट होती. इंजिन बंद होतं. चाक वीतभर सरकलं. उल्दारिसियोची किंकाळी मध्येच तुटली.

तिच्या हातातला वॉकीटॉकी खरखरला... एलिसेओचा आवाज. तोंडात माती भरल्यासारखा.

"नायारेत... मी समोर आहे."

ते चाक कशाने फिरत होतं, हे आजवर कोणालाही सांगता आलेलं नाही. इतरांनी तो आवाज ऐकला की नाही, हे विचारायचं धाडस तिला अजून होत नाही.

चाक रिगोबेर्तोच्या बुटाला टेकलं.

तिने वॉकीटॉकीचं बटण दाबलं. सगळी खाण ऐकत होती.

"एलिसेओची चूक नव्हती. मी थांबले नव्हते. आजच इलारियाच्या दारात जाऊन मी हे सांगणार आहे."

चाक थांबलं.