आलेच हां!

ही गोष्ट खरी आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. मला शपथा घालायची हौस नाही.

भुताला रात्र लागते, अमावस्या लागते म्हणतात. म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात आमच्या सोलापूरला यावं. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

हे घडलं ते असल्याच टळटळीत दुपारी. दोन वर्षं झाली. शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डात. नाव विचारू नका. तिथं अजून माणसं ॲडमिट होतात.

घडलं माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत. काव्याच्या.

काव्या अक्कलकोटकडची. बारावी झाली आणि आमच्या भवानी पेठेतल्या घरी राहायला आली. त्या हॉस्पिटलात तिला नर्सिंग असिस्टंटची ॲप्रेंटिसशिप मिळाली होती. काम करत करत शिकायचं. वॉर्डात राबायचं, मधूनमधून वर्गात बसायचं, वर्ष संपलं की सर्टिफिकेट.

तिचे वडील, सिद्धलिंगप्पा काका, याला तयारच नव्हते. त्यांनी टेंभुर्णीचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. नवरदेव चाळिशीला टेकलेला, डोक्यावर चंद्र उगवलेला.

"वर्षभर बगतो," काका म्हणाले. "तितनं काढलं की गुमान बोहल्यावर उभं ऱ्हायचं."

म्हणून काव्या त्या वॉर्डाला जळवेसारखी चिकटली होती.

तिला हाताखाली घेतलं गोजाबाईनं. वॉर्डातली सगळ्यांत जुनी मावशी. पहिला धडा कुशीचा. ज्याला स्वतःला हलता येत नाही, त्याची कूस दर दोन तासांनी बदलायची. नाहीतर पाठ सोलते, जखमा होतात. एक हात खांद्यावर, एक कमरेवर. एक, दोन, तीन म्हणायचं आणि अलगद आपल्याकडं वळवायचं. शक्यतो दोघींनी.

आणखी एक गोष्ट काव्या कोणी न शिकवता शिकली.

"आलेच हां!"

वॉर्डात सगळ्याच म्हणतात. कुणी पाणी मागितलं, आलेच हां. कुणाचं सलाईन संपलं, आलेच हां. दोन हात, वीस पेशंट, त्या तरी काय करणार? पण ते घरीही सुरू झालं. मी चहाला हाक मारली की, "आलेच हां, अक्का!" आणि बाईसाहेब मोबाईलमध्ये. मी म्हणायचे, "तुझ्यापेक्षा बार्शीची एसटी बरी. उशिरा का होईना, येते तरी." बोलून उपयोग काय, महिन्याभरात मीही तेच म्हणायला लागले.

वॉर्डात भिंतीकडच्या बेडवर कमरबी होत्या. अर्धं अंग लुळं पडलेलं. मुलगा आसिफ रिक्षा चालवायचा. सकाळ-संध्याकाळ यायचा आणि आईच्या केसांना तेल लावून जायचा. कमरबीचा काव्यावर लई जीव. तिला बेटी म्हणायच्या.

त्या दुपारी त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. काव्या शेजारून चालली होती.

"बेटी... बाजू दुखरा. जरा करवट बदल दे."

गोजाबाई जवळ नव्हती. तेवढ्यात खालून हाका आल्या. उन्हाचा तडाखा बसलेली माणसं टेम्पोत घालून आणली होती. सगळ्यांनी बर्फ घेऊन खाली या.

"आलेच हां, अम्मा!" काव्या म्हणाली, आणि पळाली.

परत यायला फार वेळ लागला.

कमरबी तशाच होत्या. तोंड भिंतीकडं. एक हात मात्र पाठीमागं आलेला... तळवा उघडा, कुणाच्या तरी हातात द्यायला काढावा तसा.

हात गार पडला होता.

आसिफ आला. डोळे पुसत त्यानं काव्याला विचारलं, "अम्मी आखरी में कुच बोले क्या?"

"नाही," काव्या म्हणाली. "झोपेतच गेल्या."

गोजाबाईची एक रीत होती. बेडवर माणूस गेलं की गादी उचलून गच्चीवर उन्हात टाकायची, मगच दुसरा पेशंट. त्या दिवशी कुठलं आलंय! वॉर्ड गच्च भरलेला. गादी पुसली, नवी चादर घातली आणि संध्याकाळीच तिथं ईरम्माला आणलं. दक्षिण सोलापूरकडची म्हातारी, घरात कानडी बोलणारी. खुब्याचं ऑपरेशन झालेली. अंगावर मूठभर मांस नाही.

"गादीला ऊन दावलं न्हाय," गोजाबाई पुटपुटली. "ती उठली न्हाय अजून."

काव्यानं ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईरम्मा बेडच्या अगदी कडेला सापडली. भिंतीकडची अर्धी गादी मोकळी.

दोघींनी तिला मध्ये घेतलं. आणि काव्या दचकली.

"मावशी, केवढी जड लागतेय!"

गोजाबाईनं नुसतं भिंतीकडं पाहिलं.

थोड्या वेळानं पुन्हा कडेला. पुन्हा मध्ये घेतलं. पुन्हा कडेला...

वॉर्डाच्या प्रमुख होत्या राहत सिस्टर. त्यांनी ते पाहिलं आणि काव्याला बाजूला घेतलं. "त्या बेडचा कठडा ढिला आहे, माहिती आहे ना? आजी खाली पडल्या तर पुन्हा उभ्या राहायच्या नाहीत. आणि तू उद्यापासून यायचं नाहीस. समजलं?"

काव्याच्या डोळ्यांपुढं टेंभुर्णी आली. ती ईरम्माजवळ स्टूल टाकून बसली.

दुपार चढली. भेटायला आलेली माणसं गेली. गोजाबाई जेवायला खाली गेली. सिस्टर दुसऱ्या वॉर्डात. वीस बायका झोपलेल्या. पंखा नुसती गरम हवा ढवळत होता.

मग आवाज आला.

खट्...

कठड्याच्या खिट्टीचा.

काव्यानं पाहिलं. ईरम्मा कठड्याला टेकली होती. मघाशी तर मध्ये होती!

"आजी, कशाला सरकताय हो?"

"मी कुटं सरकतीया?" म्हातारी वैतागली. "हीच ढकलतीया की!"

"कोण?"

"ही... भितीकडची."

काव्यानं पलीकडं वाकून पाहिलं. भिंतीकडं कुणी नव्हतं. नुसती चादर. पांढरी, ताठ...

ताठ नव्हती. मधोमध खोल दबली होती.

"पोरी," ईरम्मानं हळूच विचारलं, "करवट म्हंजी काय गं?"

काव्या स्टुलावरून उठली. "का... का हो?"

"सारकी तेच म्हनतीया की ही. करवट, करवट. मला काय कळंना तिचं बोलनं."

खट्...

कठडा वाकला. खिट्टी निम्मी बाहेर आली. काव्यानं ईरम्माला दोन्ही हातांनी धरलं. मागं रेटायला गेली तर रेटता येईना. पलीकडून कुणीतरी पाठ लावून बसावं तसं.

"मावशी! गोजामावशी!"

वॉर्डातलं एकही माणूस जागं झालं नाही.

पळावं, असं तिला लई वाटलं. दार समोर होतं. पण हात सोडला की म्हातारी खाली. आणि कुणाला तरी बोलावून आणते म्हणावं, तर तोंडावर कुठला शब्द आला?

आलेच हां.

तो शब्द तिनं दातांखाली चावला. रडायलाच लागली पोरगी. मला सांगतानाही रडली.

मग तिनं स्टूल पायानं ओढून कठड्याला अडकवलं. ईरम्माला म्हणाली, "आजी, गच्च धरून ठेवा," आणि बेडला वळसा घालून बेड आणि भिंतीमधल्या फटीत शिरली.

वाकली. एक हात खांदा असतो तिथं. एक हात कंबर असते तिथं.

"अम्मा," ती म्हणाली, "आले मी. करवट बदलते. एक... दोन..."

हाताखाली हवाच होती.

"...तीन."

आणि हातांत वजन आलं.

खऱ्या माणसाचं. गार, लुळं, ओळखीचं. रोज वळवत होती ते. खोबरेल तेलाचा वास आला. ते वजन अलगद वळलं, चादर सरकली, आणि तिच्या गालाला लागेल इतक्या जवळून कुणीतरी सुस्कारा सोडला.

"हां..."

बस्स. चादर सपाट झाली. ईरम्माचं अंग हलकं झालं. काव्यानं एका हातानं तिला मध्ये घेतलं.

"गेली काय गं?" ईरम्मानं विचारलं.

"गेल्या, आजी."

काव्याला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

पण कूस एकदा बदलून भागत नसतं. गोजाबाईनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं ना?

दोन तासांनी पुन्हा आवाज आला.

खट्...

ती ड्युटी संपेपर्यंत काव्या पुन्हा पुन्हा त्या फटीत शिरली. गोजाबाईनं दारातून पाहिलं. संध्याकाळी एक बेड रिकामा झाला, तेव्हा दोघींनी ईरम्माला तिथं हलवलं आणि ती गादी गच्चीवर नेली. उन्हात चांगले चार दिवस ठेवली. ईरम्मा पुढं काठी टेकत घरी गेली. काव्या पास झाली. त्याच हॉस्पिटलात कामाला लागली. टेंभुर्णीचा चंद्र दुसरीकडं उगवला.

सगळं चांगलं झालं, असं म्हणता येईल.

पण काव्या "आलेच हां" म्हणत नाही. एक तर जाते, नाहीतर "नाही जमणार" म्हणून सांगते. आसिफची रिक्षा दिसली की रस्ता बदलते. खरं सांगून टाक म्हणून मी कितीदा म्हणाले. अजून सांगितलेलं नाही.

आणि सुट्टीच्या दुपारी झोपेतच उठते. डोळे मिटलेलेच. पलंग आणि भिंतीच्या मध्ये जाते, वाकते, रिकाम्या गादीवर दोन हात ठेवते. एक, दोन, तीन. मग येऊन झोपते. मी स्वतः पाहिलंय. कामाचा थकवा असेल म्हणून मी गप्प बसले.

गेल्या महिन्यात ती ट्रेनिंगला बार्शीला गेली होती. आई देवळात. घरात मी एकटी. ऊन मी म्हणत होतं. तिच्या पलंगावर जरा आडवी झाले आणि डोळा लागला.

झोपेतच पाठीमागून हाक आली.

"बेटी... बाजू दुखरा..."

अर्धवट झोपेत वाटलं, आईच बोलवतेय. माझ्या तोंडाला ती मेली सवय...

"आलेच हां!" मी म्हणाले.

आणि खाडकन जागी झाले.

माझी आई मला बेटी म्हणत नाही. आणि माझ्या पाठीमागं भिंत होती.

वळून बघितलं नाही. तशीच उठले, अनवाणी रस्त्यावर आले, आणि काव्याला फोन लावला. सगळं सांगितलं. 

मग तिनं एवढंच विचारलं, "अक्का, मग वळवलंस का त्यांना?"

मी नाही वळवलं.