रिकामा खिळा

भंगारवाल्याच्या ढिगाऱ्यात आम्हा दोघांचा हात नट सोडवायच्या एकाच सॉकेटवर पडला.

"मी आधी पाहिला," मी म्हणाले.

"मी आधी धरला," तो म्हणाला. "आणि बत्तीसचा आहे हा... भरतकामाला नाही लागत."

"मला ॲक्सलच्या नटाला लागतोय. भरतकाम तुम्ही करा."

तो हसला, पण सॉकेट सोडला नाही. मीही नाही. मग त्याने तो हळूच माझ्या हातातच उलटा केला आणि आतली केसासारखी रेघ नखाने दाखवली.

"तडकलाय. जोर लावलात की फुटेल आणि तोंडावर येईल. दात चांगले आहेत तुमचे... राहू द्या."

एवढं बोलून त्याने तो ढिगाऱ्यात परत फेकला. मला राग यायला हवा होता. आला नाही.

मुलांना शाळेत नेणारी माझी व्हॅन होती. आधी बाबा चालवायचे; त्यांचे गुडघे गेले तेव्हापासून मी. बारा मुलं. त्यांची खरी नावं हजेरीपटावर होती, माझ्याकडे दातपड्या, शेपटी, झोपाळू आणि प्रश्नपेटी होती. सुट्टीच्या आधी गाडी वळणावर टक-टक वाजायला लागली आणि एक दिवस भर रस्त्यात बसली. इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा जो दांडा असतो तो ॲक्सल, आणि त्याचं चाकाजवळचं कोपर झिजलं होतं. गॅरेजवाल्याने मजुरीचा आकडा सांगितला तेव्हा बाबा म्हणाले, "एवढ्यात तर तो मला नवे गुडघे बसवून देईल." म्हणून आम्ही एक जुना, पण धड ॲक्सल आणला होता. काम अंगणातच करायचं होतं. हत्यारं तेवढी नव्हती. नवी घ्यावीत तर प्रत्येकाची किंमत ऐकून घाम फुटायचा, आणि लागणार ती एकदाच.

"एकदाच लागणारी वस्तू विकत कशाला घेता?" तो म्हणाला. "माझ्याकडे चला. मी पानेवाला."

त्याचं दुकान गल्लीच्या टोकाला, पत्र्याचं. आत गेले आणि बघतच राहिले. समोरच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती पिवळ्या रंगाने काढलेली, आकृतीत एक खिळा आणि खिळ्यावर ते हत्यार. भंगारातून आणायचं, गंज काढायचा, तेल द्यायचं आणि नाममात्र भाड्याने लोकांना द्यायचं, हा त्याचा धंदा. जिथे हत्यार नव्हतं तिथे भलतंच काहीतरी लटकत होतं. एक चष्मा. लहान मुलाचा बूट. चाव्यांचा जुडगा.

"हे काय?"

"हत्यार न्यायचं, तर त्याच्या खिळ्यावर आपली एक वस्तू ठेवायची. अशी, की जिच्याशिवाय अडेल. माणूस झक मारत परत येतो." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमचं काय अडतं?"

मी गळ्यातली शिट्टी काढली. प्रत्येक मुलाच्या दारात मी ती दोनदा वाजवायचे.

"शिट्टी?" तो म्हणाला. "म्हणजे आता तुम्हाला कोणावर शिट्टी मारता येणार नाही."

"तुमच्यावर तर मुळीच नाही."

"बघू," तो म्हणाला... आणि त्याचे कान लाल झाले. एवढा बोलका माणूस आणि कान असे चुगलखोर!

तो गुरुवार होता. जाताना मी एवढंच म्हटलं, "सोमवारी शाळा उघडते." पुढचं वाक्य मी गिळलं. मुख्याध्यापकबाईंनी सांगितलं होतं, सोमवारी पावणेसातला गाडी दारात हवी. नाहीतर दुसरी ठरवून ठेवली आहे. नव्या माणसासमोर रड कशाला गायची, असं मला वाटलं.

सॉकेटला लांब पाइप लावून, त्यावर अक्षरशः उभी राहून मी नट सोडवला. बाबा स्टुलावर बसून सूचना देत होते. पण दांडा चाकाच्या मधल्या हबमध्ये गंजून चिकटला होता. तो हातोडीने ठोकायचा नसतो. टोकाचे आटे मरतात. त्यासाठी भोकं पाडलेली लोखंडी थाळी येते. ती हबवर बोल्टनी आवळायची आणि मधला मोठा स्क्रू फिरवत गेलं, की दांडा आपोआप मागे सरकतो. शुक्रवारी मी सॉकेट परत दिला आणि थाळी मागितली. त्याने दिली. शिट्टी एका खिळ्यावरून दुसऱ्यावर गेली. घरी येऊन लावते, तर थाळीला पाच भोकं आणि आमच्या हबला बोल्ट चार.

मी परत गेले. थाळी बदलायला म्हणून गेले, तरी जाताना वेणी पुन्हा घातली, हे मला आठवतं.

"चारची बाहेर गेलीय," तो खिळे नीट करत म्हणाला. "येईल एक-दोन दिवसांत. ही तेव्हाच बदलू. तोवर मी येऊन बघू का? तेल सोडून, हलकं ठोकून..."

"या की," मी म्हणाले. जरा जास्तच लवकर.

घरी बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून पुढे केलं. "हे वीक आणि पेठेतून नवी थाळी घेऊन ये. बावीस वर्षं एक पोर उशिरा पोचलं नाही माझं."

"पानेवाला आणून देणारेय ना, बाबा."

"पानेवाला थाळी आणणारेय, की तू पानेवाला आणणारेस?"

"बाबा!"

ते हसले आणि घड्याळ परत मनगटावर चढवलं. ते घड्याळ घेऊन मी तेव्हाच गेले असते तर... पण मला नवी थाळी नको होती.

शनिवारी तो आला, रविवारीही आला. रविवारी भुरभुर पाऊस होता. आम्ही गाडीवरून अंगणाच्या भिंतीपर्यंत प्लॅस्टिक ताणलं आणि खाली शेजारी-शेजारी बसलो. तेलाचा वास, ओल्या मातीचा वास, आणि त्याच्या कोपराला माझं कोपर. बाबा दारातून ओरडले, "अरे, गंज सुटतोय, की नुसत्याच गप्पा?"

"गंज हट्टी आहे, काका!"

"मुलगीही आहे. सांभाळून!"

त्याने बोटावरचं ग्रीस माझ्या नाकाला लावलं. मी चिंधी शोधत राहिले. चिंधी त्याच्याच खांद्यावर होती.

"तू..." तो म्हणाला आणि थांबला. पहिल्यांदाच तू म्हणाला होता. "उद्या काम झालं, की तुला एक विचारायचंय."

"आज विचार."

"उद्या. हात धुऊन."

प्लॅस्टिकवर पाऊस टपटपत होता. मला सोमवार आठवला. "ती थाळी आज नाही का रे मिळणार?"

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. "उद्या सकाळी पहिलं तेच काम," तो म्हणाला.

सोमवारी पावणेसातला मी शाळेच्या फाटकात पायी उभी होते. मुलं एका निळ्या गाडीतून उतरली. प्रश्नपेटीने विचारलं, "ताई, तुझी गाडी मेली का?" मुख्याध्यापकबाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं आणि वर्षभराचा करार त्या गाडीशी झाल्याचं सांगितलं.

दहा वाजता तो सॉकेट आणि थाळी घेऊन आला. चार भोकांची. करार गेल्याचं मी सांगितलं नाही; सांगितलं असतं तर रडले असते. स्क्रू सातव्या फेऱ्याला कट् करून वाजला आणि दांडा लोण्यातून निघावा तसा निघाला. दहा मिनिटं! दुपारपर्यंत आणलेला दांडा बसला, नट मापात आवळला. तो हात धुऊन म्हणाला, "दुकानात येतेस?" मी हत्यारं मागच्या सीटवर ठेवली आणि त्याला गाडीतूनच नेलं.

जाताना मी ठरवलं होतं. करार गेला तर गेला. हा माणूस तर मिळाला. त्याने विचारलं, की हो म्हणायचं.

दुकानात त्याने पाचची थाळी टांगली, तिच्या खिळ्यावरची माझी शिट्टी काढून हातात घेतली. चारची मी स्वतःच टांगायला गेले. पिवळी आकृती, मध्ये खिळा... आणि मी थांबले. शुक्रवारी मी हाच खिळा पाहिला होता. थाळी नव्हती. पण चष्मा, बूट, किल्ल्या, यांतलंही काही त्यावर नव्हतं.

"ही कोणी नेली होती?"

"एक गिऱ्हाईक..."

"त्याने खिळ्यावर काय ठेवलं होतं?"

त्याचे कान लाल झाले. ते कान मला आवडायचे.

"काहीच नाही," शेवटी तो म्हणाला. "गल्ल्याखाली होती. तू परत यावीस म्हणून. मग घरी यायला मिळालं आणि... एक दिवस शाळेला उशीर झाला तर काय बिघडतं, असं वाटलं."

मी त्याला करार सांगितला. शांतपणे सांगितला. तो मटकन स्टुलावर बसला.

"तू बोलली का नाहीस?"

"हो. तेही चुकलंच." घड्याळाचं मात्र मी त्याला सांगितलं नाही. ते माझं मला पुरेल.

"मी शाळेत येतो. पाया पडतो त्यांच्या. नाहीतर... हे दुकान दोघांचं करू. तेच विचारायचं होतं." त्याची मूठ शिट्टीभोवती आवळली. "ही इथेच राहू दे. निदान ही."

"नियम तुमचाच आहे," मी म्हणाले. "हत्यार परत, वस्तू परत."

'तुमचा' ऐकून त्याने मान खाली घातली. मी थाळी खिळ्यावर लावली. आकृतीत ती अगदी बरोबर बसली. त्याने मूठ उघडली. शिट्टी गरम झाली होती.

दारात मी वळले. हे बोलायचं नव्हतं, पण बोलून गेले.

"मी तशीही आले असते. रोज आले असते."

मी गाडी सुरू केली. गल्ली अरुंद होती. बाहेर पडायला स्टिअरिंग पूर्ण वळवावं लागलं. सवयीने मी कान दिला. टक-टक नाही, कुरकुर नाही, काही नाही. मागच्या बारा जागांवरूनही काही आवाज नव्हता. काम चोख झालं होतं.